तीन बोटांची गिरह

“असले शब्द आपले नाहीत, असं पालकांचं म्हणणं आहे,” प्राचार्य रामराव सर म्हणाले आणि टेबलावरचा कोरा कागद त्यांनी बोटानं पुढे ढकलला. शाइस्ताला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. वर पंखा घरघरत होता, बाहेर पाण्याच्या टाकीपाशी अकरावीची पोरं दंगा करत होती, आणि इतका वेळ चाललेलं सगळं बोलणं घटक चाचणीतल्या एका प्रश्नाबद्दल होतं. ‘एका गिरहेत किती अँगस्ट्रॉम?’ दोन मार्कांचा प्रश्न. गिरह म्हणजे कापडवाल्यांचं जुनं माप, गजाचा सोळावा हिस्सा. अँगस्ट्रॉम म्हणजे साधारण एका अणूच्या रुंदीएवढं माप. एका मीटरचे हजार कोटी तुकडे केले तर त्यातला एक. एकावरून निघायचं, मधे इंच आणि सेंटिमीटर लागतात ते ओलांडायचे आणि दुसऱ्यावर पोचायचं, एवढंच तर होतं. पुस्तकातली तीच ती गणितं करून पोरांना माप बदलणं म्हणजे नुसती शून्यं लावणं वाटायला लागलं होतं, म्हणून तिनं प्रश्नाला जरा बाजाराची हवा लावली होती. आणि आता हे. आपले नाहीत म्हणे! कुणाचे मग? “एक ओळ लिहून द्या,” सर सांगत होते, “की परका शब्द वापरल्याबद्दल दिलगीर आहे, पुन्हा वापरणार नाही. अन् त्या छकुलीचे दोन मार्क कापा. विषय संपला.” नाही लिहिलं तर, असं तिनं विचारलं तेव्हा सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. “जूनमध्ये तासिका वाटायच्या असतात, मॅडम. संस्थेचे लोक मले विचारतील.” मले म्हणाले ते. सर चिडले किंवा घाबरले की त्यांच्या तोंडून त्यांचं गाव, डोणगाव, बाहेर पडायचं. आत्ता ते चिडलेले दिसत नव्हते.

कागद घेऊन ती बाहेर आली आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसली. तिचा हा तास रिकामा होता, पुढचा अकरावीवर. त्याच्या आधी कागद आणून द्या, विचार करा, असं सर म्हणाले होते. विचार करायला काय ठेवलं होतं त्यात? बुलढाण्यातल्या या खाजगी ज्युनिअर कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवत होती, म्हणजे शिकवलेल्या तासापुरतीच मास्तरीण. मे महिन्यात कोणी नाही, जूनमध्ये बोलावलं तर आहे. इतक्या वर्षांत तिनं इथं आवाज चढवला नव्हता. कोणी रजेवर गेलं की त्याचा तास हिच्या गळ्यात, आणि हिनं हसून घ्यायचा. अकरावीवर तिच्या मागोमाग रामराव सरांचा गणिताचा तास असायचा. जाणाऱ्यानं फळा पुसून जायचं अशी इथली रीत, बाकीचे डस्टर फिरवल्यासारखं करून पळायचे, ही मात्र ओल्या फडक्यानं असा पुसायची की सर पोरांसमोर म्हणायचे, “शाइस्ता मॅडमचा फळा म्हणजे नवाकोरा.” आणि ही बया त्या कौतुकावर वर्ष वर्ष काढायची! आता आठवून तिला स्वतःचीच शिसारी आली. मूग गिळून बसायचं, फळा चकाचक ठेवायचा, जूनची वाट बघायची, आणि एवढं करून एक दिवस कोणीतरी यायचं आणि आपल्या बापाच्या तोंडातला शब्द उचलून उंबऱ्याबाहेर ठेवायचं. बोटांच्या रेघांत खडूची पूड बसली होती, ती तिनं ओढणीला पुसली.

चूक झाली नव्हती असं नाही. झाली होती, आणि तिचीच होती. प्रश्नात ‘एक गिरह म्हणजे सव्वादोन इंच’ हे द्यायला हवं होतं. तिनं ते लिहिलंच नव्हतं. विसरली म्हणावं तर तसंही नाही. ते लिहावं लागतं, हेच तिच्या डोक्यात आलं नाही. बारा इंचांचा फूट हे जसं कोणी सांगत नाही, तशी कापडवाल्याच्या पोरीला गिरह. दुधाच्या दातांबरोबर आलेली. पेपर तपासायला घेतले तेव्हा तिच्या लक्षात आलं. पुष्कळांनी जागा कोरी सोडलेली. ज्यांच्या घरी शिवणाचं मशीन होतं अशा थोड्यांनी सव्वादोन इंच धरून सत्तावन्न कोटी पंधरा लाख असं बिनचूक उत्तर काढलेलं. आणि छकुलीच्या पेपरात बेचाळीस कोटी. वर एक ओळ, गिरह म्हणजे तीन बोटं, म्हणजे चार पूर्णांक दोन सेंटिमीटर. शाइस्तानं तिला बाहेर बोलावून विचारलं, हे कुठून आणलंस? पोरगी घाबरली. “मॅडम, पेपरात तं दिलंच नव्हतं किती ते. माही आजी तीन बोटाले गिरह म्हणते. मंग म्या माही बोटं पट्टीवर ठेवून मोजले.” आणि तिनं हात पुढे केला. काटकुळी बोटं, नखाशी शाईचा डाग. पुढचं सगळं गणित बरोबर होतं, एक शून्य इकडचं तिकडे नव्हतं. शाइस्तानं पूर्ण मार्क दिले, आणि तिथंच माशी शिंकली. गोपाल नावाच्या पोरानं प्रश्न कोरा सोडला होता. त्याचे वडील कोचिंगवाल्या सरांना विचारून कॉलेजात हजर. कोचिंगवाले म्हणाले, जुना गज तेहतीस इंचाचाही होता, त्या हिशेबानं उत्तर बावन्न कोटींच्या वर जातं. रामराव सरांनी कपाळाला हात लावला होता. “एका प्रश्नाले तीन उत्तरं! मॅडम, हे फिजिक्स हाय का भज्यांची गाडी?” त्यावर तिलाही हसू आलं होतं. चूक मान्य करायला, सगळ्यांना पुन्हा प्रश्न द्यायला ती तयार होती, तसं बोललीही. पण गोपालचे वडील जाता जाता ‘असले शब्द आपले नाहीत’ असंही बोलून गेले होते, आणि सरांनी नेमकं तेच धरून ठेवलं.

वडनेर भोलजीच्या बाजारात अब्बांचं पाल लागायचं ते मिरचीवाल्यांच्या पलीकडे, म्हणून कापडाला खळीच्या वासाबरोबर मिरचीचा खाट चिकटलेला असायचा. नवं मांजरपाट उलगडलं की शाइस्ताला शिंक यायची आणि बायका हसायच्या. अब्बांचं नाव मेहबूब, पण बाजारात ते सगळ्यांचे मेहबूबभाऊ. रोहिणखेडला घरात उर्दू, बाजारात वऱ्हाडी, आणि रात्री थकून आले की दोन्हींची खिचडी. त्यांच्याकडे सरकारी शिक्क्याचा लोखंडी मीटर होता, कारण गजानं मोजायला बंदी येऊन जमाना झाला होता. पण म्हाताऱ्या बायांना मीटर कुठला कळायला? त्या हातानं मागायच्या, गिरहेनं मागायच्या. म्हणून अब्बांनी त्या मीटरच्या पाठीवर कानशीनं खाचा पाडल्या होत्या, एकेका गिरहेची एक. सतरा खाचा पुऱ्या, आणि अठरावी अर्ध्यात असतानाच लोखंड संपायचं. “मीटरवाल्यानं आपल्याले विचारलं नाही न बेटा,” अब्बा म्हणायचे, “नाहीतर अर्धी गिरह अजून वाढवून मागतली असती.” आणि मोजायची त्यांची एक रीत होती, तशी तिनं पुढे कुठं पाहिली नाही. शेवटची गिरह ते पट्टीनं मोजत नसत. पट्टी बाजूला ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, लावा बोटं. मग बाई आपली तीन बोटं कापडाच्या काठावर आडवी ठेवायची आणि जिथं तिचं बोट संपेल तिथं अब्बांची कात्री लागायची. पुष्पाबाई नावाची एक धिप्पाड बाई होती, निंदणखुरपण करून हाताचे पंजे फावड्यासारखे झालेले. ती बोटं पसरून ठेवायची आणि वर डोळा मारायची. “ठेव बाई, ठेव,” अब्बा म्हणायचे, “तुव्हं आंग मोठं, तुले कापड जास्तच लागन.” आणि एखादी बारकुडी सासुरवाशीण लाजत लाजत बोटं लावायची, तेव्हा तिच्या बोटापुढे ते आपला आंगठा टेकवायचे आणि त्याच्यापुढून कापायचे. मग फर्र आवाज, मग घडी. एकदा शाइस्तानं विचारलं होतं, गिरहेपेक्षा लहान काय असतं? बोट. बोटापेक्षा? जव. जवापेक्षा? सूत. अन् सुतापेक्षा? अब्बा कापडाची थप्पी लावत होते, ती लावता लावता म्हणाले, “त्याच्या खाली मंग नियत.” तिला ते पटलं नव्हतं. नियत मोजता येत नाही, आणि तिला मोजता येईल असंच काहीतरी हवं होतं. अकरावीत अँगस्ट्रॉम भेटला तेव्हा ती वर्गात एकटीच खुदकन हसली होती, सुताच्या खालचं माप सापडलं म्हणून.

आणि तो दिवस. वजनमापवाले साहेब बाजारात फिरत आले, अब्बांचा मीटर हातात घेतला, शिक्का पाहिला, मान हलवली, आणि ठेवता ठेवता पट्टी उलटी झाली. हे काय? साहेबांनी खाचांवरून अंगठा फिरवला. अब्बा उभे राहिले. तिला ते कधी इतके उंच वाटले नव्हते. “पुढून सरकारचं हाय साहेब, मागून बायांचं.” आजूबाजूचे हसले आणि तेच भोवलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी पट्टी जप्त केली, समज दिली, पुन्हा असलं दिसता कामा नये म्हणून बजावलं. कायद्यानं त्यांचं बरोबरच असेल. घरी अम्मीनं डोळ्याला पदर लावला, कशाला हात दाखवून अवलक्षण करायचं म्हणाली, जमाना मीटरचा आहे तर मीटरनं मोजा ना. पुढच्या बाजाराआधी अब्बांनी नवा मीटर आणला, शिक्का असलेला, आणि उंबऱ्यावर बसून कानस काढली. शाइस्तानं दुसरं टोक दोन्ही पायांत दाबून धरलं होतं. खर्र, खर्र. दात शिवशिवायचे. लोखंडाचा बारीक भुगा तिच्या तळव्याला चिकटला होता, आणि त्याला एक आंबूस वास होता जो आज या व्हरांड्यात, इतक्या वर्षांनी, कोऱ्या कागदातून आल्यासारखा नाकात शिरला. त्या पट्टीवर पुन्हा सतरा खाचा आणि अर्धी. पुन्हा तोच बाजार, त्याच बाया, लावा बोटं. तेव्हा तिला अब्बांची भीती वाटली होती, की हा माणूस एक दिवस सगळं घालवून बसेल. आता वाटलं, आपण त्याची पट्टी धरून बसलो होतो आणि काहीच शिकलो नाही की काय.

“दे न वं माय लिहून,” सुचिता केव्हाची शेजारी येऊन बसली होती. केमिस्ट्री शिकवायची, कायम नोकरीवर होती, आणि मनानं चांगली होती. डब्यातली भाकर अर्धी करून देणारी. “एका ओळीनं काय मरते? लिही, सही कर, मोकळी हो. कोण वाचते नंतर?”

“मी वाचीन,” शाइस्ता म्हणाली.

“तुह्या गिरहेसाठी नोकरी घालवशीन?”

“नोकरी कुठं आहे सुचिता? तास आहेत.”

सुचिता हळूच म्हणाली, बरं, शब्दाचं राहू दे, पण त्या पोरीचे दोन मार्क तरी काप, तेवढ्यानं सर शांत होतील. आणि इथं शाइस्ताच्या डोक्यात काहीतरी सरळ होऊन उभं राहिलं. म्हणजे हे असं. आधी दोन मार्क. छकुलीला वर्गासमोर सांगायचं, तुझ्या आजीनं शिकवलं ते चुकीचं, तुझी बोटं चुकीची. ती पोरगी पुन्हा कधी पट्टीवर बोट ठेवणार नाही. कोरी जागा सोडून देईल, गोपालसारखी, आणि कोरी जागा सोडली की कोणाचं काही बिघडत नाही. हे शिकवायला आलो का आपण इथं? राग होताच, पण आता तो कापऱ्या आवाजातला राग नव्हता. तिनं पर्समधून फोन काढला आणि रोहिणखेडला लावला. तिच्या भावजयीनं, बानोनं, उचलला. मागं कुकरची शिट्टी. अब्बांच्या कानाला फोन लावून दे, शाइस्ता म्हणाली. अब्बांना आता दिसत नव्हतं, बाजार सुटला होता, पण आवाज तसाच, चार पालांपलीकडे जाणारा.

“अब्बा, गिरह म्हणजे किती?”

“भुलली का? तीन बोटं. काऊन, कोणाले कापड पाहिजे?”

“हो. एक पोरगी आहे. बोटं बारीक आहेत तिची.”

“मंग आंगठा लाव,” अब्बा म्हणाले, यात विचारायचं काय, अशा सुरात. “अन् बेटा, जेवली का?”

ती जेवली नव्हती. जेवले म्हणाली आणि फोन ठेवला. डोळे भरून आले होते, ते तिनं भरून येऊ दिले. सुचितानं दुसरीकडे पाहिलं. मग कागद गुडघ्यावर ठेवून तिनं लिहायला घेतलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, ठसठशीत.

रामराव सरांनी कागद दोनदा वाचला. ‘घटक चाचणीतल्या प्रश्नात एक गिरह म्हणजे सव्वादोन इंच ही माहिती द्यायची राहून गेली. ही चूक माझी आहे. ज्यांनी प्रश्न सोडला त्यांना तो माहितीसह पुन्हा देईन. गिरह हा शब्द परका नाही. तो मी पुन्हा वापरीन. छकुलीला मार्क दिलेले आहेत, ते कापणार नाही.’ खाली सही, पूर्ण नावाची.

“मी हे लिहायले सांगितलं होतं?”

“नाही सर.”

“मंग?”

“मला एवढंच लिहिता येतं.”

सरांनी कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर हात ठेवला. “तुम्हाले काय वाटते, मले गिरह माहीत नाही? माही मायबी हातानंच लुगडं मोजे, बोटानंच गिरह धरे. डोणगावच्या बाजारात मी तिच्यासंग गेलेलो हाव. म्हणून काय मी ते पेपरात टाकू? जमाना समजून घ्या मॅडम. काऊन अडून बसता?”

“मग सर,” शाइस्ता म्हणाली, आणि तिला जाणवलं की आपला आवाज मुळीच हलत नाहीये, “तुमची माय परकी होती का?”

पंखा घरघरत राहिला. सरांचा चेहरा लाल झाला, मग उतरला, मग प्राचार्याचा झाला. “जूनचं मी आता काही सांगू शकत नाही,” ते म्हणाले. “नका सांगू,” ती म्हणाली, आणि तास झाल्याची घंटा वाजली म्हणून वर्गावर गेली. जून खरोखरच गेला असेल, हे तिला कळत होतं. खोलीचं भाडं, रोहिणखेडला पाठवायचा औषधांचा खर्च, सगळं पायांत येऊन बसलं होतं, आणि तरी छातीत मोकळं वाटत होतं, काठोकाठ मोकळं. वर्गात पाऊल टाकलं तेव्हा पोरं दबकून बसली होती. कॉलेजात बातमीला पाय लागत नाहीत. छकुली शेवटच्या बाकावर, मान खाली.

शाइस्तानं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, गिरह. खाली लिहिलं, सव्वादोन इंच, सत्तावन्न कोटी पंधरा लाख अँगस्ट्रॉम. “ही ठरलेल्या मापाची गिरह,” ती म्हणाली. “हे द्यायचं माझ्याकडून राहिलं होतं, चूक माझी. परीक्षेत हीच धरायची. आता दुसरी गिरह, जी ज्याची त्याची असते. पट्ट्या काढा. तीन बोटं आडवी ठेवा. छकुली, तुझं आधी सांग.” छकुली उठली. “बेचाळीस कोटी,” ती इतक्या बारीक आवाजात म्हणाली की पुन्हा म्हणावं लागलं. शाइस्तानं तिचं नाव आणि आकडा लिहिला. कोणीतरी फिसकन हसलं, पण तेवढ्यात गोकुळ ओरडला, “मॅडम, माहे छप्पन!” शेतात राबणारं पोरगं, पंजा रुंद. मयुरीचे पंचेचाळीस. मग एकच गलका झाला, पट्ट्या बाकांवर आपटायला लागल्या, हे लिहा, माहं लिहा, अन् चुकून चार बोटं ठेवली होती ते खोडा. कोणी शेजारच्याचा हात ओढून मोजत होतं. भिंतीकडच्या रांगेतून गोपाल उभा राहिला. बापानं काय केलं हे त्याला माहीत होतं, ते त्याच्या लाल झालेल्या कानांवरून दिसत होतं.

“मॅडम, माहेबी मोजू?”

“मोज बरं. मोजायलाच तर आलास.”

त्याचे एक्कावन्न निघाले. तिनं लिहिलं, गोपाल, एक्कावन्न कोटी, छकुलीच्या शेजारी जागा होती तिथं. सगळ्यांत शेवटी तिनं आपली तीन बोटं फळ्यावर ठेवली, खडूनं दोन्हीकडे रेघ मारली, मोजलं, अठ्ठेचाळीस, आणि आपलंही नाव लिहिलं. फळा वरपासून खालपर्यंत भरला. पुढच्या चाचणीत अजून एक प्रश्न येणार म्हणाली, एका हातात किती अँगस्ट्रॉम, आणि या वेळी माहिती देईन, आठ गिरहांचा एक हात. पोरांनी एका सुरात ‘हो’ म्हटलं. घंटा वाजली.

रामराव सर दारात उभे होते, काखेत गणिताचं पुस्तक, हातात नवा खडू. ते फळ्याकडे बघत होते. शाइस्तानं टेबलावरून आपलं पुस्तक आणि पर्स उचलली. फळ्याचं ओलं फडकं खिडकीच्या गजाला वाळत होतं. ते तिनं तिथंच राहू दिलं आणि सरांच्या बाजूनं बाहेर पडली.